समुद्रांतून निघालेली कचेरी

आमच्या घरीं गेले सहा महिने एक वाद चालू आहे. मागली पडवी पाडून तेथें सिमेंटची स्लॅब घालावी असें धाकट्या मंडळींचें म्हणणें आहे, आणि जांभ्याच्या चिऱ्यास हात लागूं द्यावयाचा नाहीं असा थोरल्यांचा हट्ट आहे. एकत्र कुटुंबांत असल्या वादाचा निकाल सहसा लागत नाहीं. तो पहिल्या पंक्तीस सुरू होतो आणि दुसऱ्या पंक्तीचे पाट मांडतांना तहकूब होतो. यंदा मात्र गणपतीस आमची एक नात मुंबईहून मांडवीस आली आणि तिनें या खटल्यांत एक नवाच कागद दाखल केला. ती तेथें वास्तुशिल्पाच्या कॉलेजांत शिकते. तिला अभ्यासासाठीं एका उंच कचेरीचा इतिहास लिहून द्यावयाचा होता, आणि ज्या बांधणीच्या पंथांत ती कचेरी बसते कीं नाहीं हें ठरवावयाचें होतें, त्या पंथाचें नांव तिनें सांगितलें, 'ब्रूटॅलिझम'. शब्द कानीं पडतांच आमच्या वहिनींनीं माजघरांतून विचारलें, "अगो, हा आणखी कोणता ताप?"

ताप नव्हे, एवढें नातीनें त्यांस पटवून दिलें. इंग्रजींत 'ब्रूटल' म्हणजे निर्दय, आणि म्हणून या पंथाच्या इमारती निर्दय आहेत असें समजणारे शहाणे पुष्कळ आहेत; परंतु मूळ शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'कोरें, संस्कार न केलेलें' इतकाच आहे. काँक्रीट ओतावें, तें घट्ट झालें म्हणजे सेंटरिंगच्या फळ्या उतरवाव्या, आणि त्यावर गिलावा, रंग, संगमरवर यांपैकीं कांहीं न चढवितां फळ्यांच्या रेघांसुद्धां तें जगापुढें ठेवावें, ही ती रीत. ल कार्बूझिए यानें फ्रान्सांतील मार्सेय येथें १९५२ सालीं पुरी केलेली राहत्या घरांची प्रचंड इमारत हा तिचा आद्य नमुना होय. पुढें इंग्लंडांत स्मिथसन पतिपत्नींनीं आणि बॅनम नांवाच्या टीकाकारानें तिला पंथाचें रूप दिलें. आपल्या देशांत ती त्याच कार्बूझिएच्या हातून चंदिगडास आली; तेथील सचिवालय सुमारें पाव किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगावर लेप म्हणून नाहीं.

आम्हां रत्नागिरीकरांनीं याचें फारसें नवल करूं नये. आमच्या घराच्या बाहेरील भिंतींस आजतागायत गिलावा लागलेला नाहीं. जांभा खाणींतून निघतो तेव्हां हत्यारानें सहज तासतां येण्याइतका मऊ असतो, आणि वारा लागतां लागतां कठीण होतो. चिरा काढणाराच्या हत्याराचे घाव आमच्या पडवीच्या भिंतीवर अजून मोजतां येतात. लहानपणीं पाढे म्हणतांना आम्ही ते मोजीत असूं. कोऱ्या अंगाच्या भिंतीस कोणी पंथ म्हणेल, हें मात्र आमच्या आजोबांस ठाऊक नव्हतें.

भारतांत या पंथाचा प्रसार झाला त्याचें कारण केवळ हौस नव्हे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे पोलाद दुर्मिळ आणि परकीय चलन त्याहून दुर्मिळ होतें. सुतार आणि घमेलीं वाहणारे हात मात्र हवे तितके होते. दिल्लीस प्रगति मैदानावर १९७२ सालीं राज रेवल आणि महेंद्र राज या जोडीनें उभारलेलें 'हॉल ऑफ नेशन्स' हें प्रदर्शनगृह याचें उत्तम उदाहरण. जी जाळीदार रचना इतरत्र पोलादाची झाली असती ती येथें पोलादाच्या तुटवड्यामुळें काँक्रीटची झाली आणि जगांत वाखाणली गेली. २०१७ च्या एप्रिलांत तें प्रदर्शनगृह पाडण्यांत आलें. पंचेचाळीस वर्षें हें आमच्या घराच्या वयाच्या निम्मेंहि नव्हे.

असो. नातीनें निवडलेली कचेरी दिल्लीची नव्हती. ती मुंबईस नरीमन पॉइंटवर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एअर इंडियाची इमारत होती. हें नांव ऐकतांच झोपाळ्यावर बसलेल्या अण्णांनीं पाय टेकून झोपाळा थांबविला. अण्णा म्हणजे आमचे ज्येष्ठ चुलत बंधु. मांडवीच्या बंदरावरून पडावांत बसून आगबोट गांठली आणि मुंबईस जाऊन नोकरी धरली, अशा पिढीपैकीं ते एक. त्यांच्या नोकरीचीं शेवटचीं बावीस वर्षें त्याच इमारतींतील एका कचेरींत गेलीं. तेव्हां पुढील हकीकत आम्ही कांहीं ग्रंथांतून, कांहीं नातीच्या वहींतून आणि कांहीं झोपाळ्यावरून घेतली आहे.

या इमारतीचा इतिहास तिच्या पायापासून सांगावा तर प्रथम समुद्राचा सांगावा लागतो, कारण तेथें जमीनच नव्हती. मुंबईच्या पश्चिमेचा उथळ उपसागर भरून काढावा ही कल्पना फार जुनी आहे. तिला मोठें सरकारी रूप आलें तें पहिल्या महायुद्धानंतर, सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर असतांना. योजना आठ भागांची होती. खर्च वाढत गेला, समुद्र मात्र भरेना. ज्या भरावानें पुढें मरीन ड्राइव्ह झाला तोच त्या वेळीं थट्टेचा विषय झाला होता. १९२६ सालीं खुर्शेद फ्रामजी नरीमन या पारशी वकिलानें या कामांतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला. हार्वे नांवाच्या इंजिनिअरानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि नरीमन तींतून निर्दोष सुटले. मुंबईनें त्यांस 'वीर' म्हटलें. समुद्र भरण्याच्या त्याच योजनेच्या टोंकास आज त्यांचेंच नांव आहे. ज्यानें भरावावर बोट ठेवलें त्याचें नांव भरावास द्यावयाचें, ही मुंबईची कृतज्ञता समजावी कीं विनोद, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं. आणखी एक गोष्ट रत्नागिरीच्या वाचकांसाठीं सांगून ठेवतों. १९३७ सालीं मुंबई इलाख्याचें पंतप्रधानपद नरीमन यांस मिळेल असा पुष्कळांचा अंदाज होता. तें मिळालें आमच्या रत्नागिरीच्या बाळासाहेब खेरांना. त्यावरून जो वाद माजला तो नरीमन यांच्या जिवास लागला तो लागलाच.

योजनेच्या राहिलेल्या भागांपैकीं कांहीं स्वातंत्र्यानंतर भरण्यांत आले, आणि १९६० नंतरच्या दशकांत तेथें कचेऱ्यांची दाटी करण्याचें ठरलें. येथें ज्या एका प्रसंगाकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे तो १९६५ सालचा. त्या सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं 'मार्ग' नियतकालिकांतून असें मांडलें कीं, मुंबईच्या दक्षिण टोंकास आणखी कचेऱ्या रचणें म्हणजे रोज सकाळीं सारें शहर एकाच दिशेस लोटणें होय. त्यापेक्षां खाडीपलीकडे मुख्य भूमीवर नवें शहर वसवावें आणि सरकारनें स्वतः तेथें जाऊन वाट दाखवावी. सरकारनें त्यांचें निम्मेंच ऐकलें. नव्या मुंबईसाठीं १९७० सालीं सिडको हें महामंडळ स्थापन झालें. पण सरकार स्वतः कांहीं हललें नाहीं, आणि नरीमन पॉइंटवरील भूखंड एकामागून एक भाडेपट्ट्यानें जात राहिले. चर्चगेटच्या गाडींत तीस वर्षें लोंबकळलेल्या अण्णांना आम्हीं हा इतिहास वाचून दाखविला तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "म्हणजे कोणीतरी आधीं सांगितलें होतें तर!"

या भूखंडांवर जीं पहिलीं उंच शिखरें आलीं त्यांत जोसेफ ॲलन स्टाइन यांची पंचवीस मजल्यांची एक्स्प्रेस टॉवर्स ही एक, आणि तिच्या शेजारची तेवीस मजल्यांची एअर इंडियाची दुसरी. ही दुसरी १९७४ सालीं पुरी झाली. तिचा आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी या नामांकित पेढीचे जॉन बर्जी यांचा. नातीचा निर्णय असा कीं, ही इमारत शुद्ध ब्रूटॅलिस्ट नव्हे. तिचें अंग पांढरें, आवरलेलें, थोडें नटवेंहि आहे. परंतु तिचा सांगाडा, तिची वजनदार ठेवण आणि काँक्रीटवरची श्रद्धा त्याच काळाची आहे. सख्खी बहीण नव्हे, पण एकाच घराण्यांतली, असें आम्ही त्याचें भाषांतर करतों. माथ्यावर तांबडा धनुर्धर, अर्धा अश्व व अर्धा मनुष्य, बाण ओढून उभा. रात्रीं तो उजळला म्हणजे मरीन ड्राइव्हच्या पार दुसऱ्या टोंकावरून दिसे.

त्या धनुर्धराच्या मागें काय वैभव होतें हें आजच्या मुलांना सांगूनहि समजत नाहीं. जहांगीर रतनजी टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून जुहूपर्यंत टपालाचें विमान स्वतः चालवीत आणलें, तेथून ही कंपनी सुरू होते. १९५३ सालीं ती राष्ट्राच्या मालकीची झाली, तरी अध्यक्षपदीं १९७८ पर्यंत टाटाच होते. १९७१ सालीं तिच्या ताफ्यांत जंबो विमान आलें. त्याच भरतीच्या लाटेवर ही इमारत उभी राहिली. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनीं १९४६ सालीं निर्मिलेला मिशाळ महाराजा तोंवर जगभर ओळखीचा झाला होता. कंपनीनें हुसेन, गायतोंडे, बी. प्रभा अशा चित्रकारांचीं चित्रें त्यांचा बाजारभाव वाढण्यापूर्वीं घेतलीं. साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकारानें १९६७ सालीं कंपनीसाठीं रक्षापात्राचा नमुना करून दिला आणि मोबदला म्हणून हत्तीचें पिल्लूं मागितलें, आणि कंपनीनें तें खरोखरच पाठविलें. ही गोष्ट आमच्या घरांतील मुलांस रामायणाइतकी पाठ आहे.

अण्णांच्या आठवणींत मात्र हत्ती नाहीं. त्यांच्या आठवणींत लिफ्टपुढची रांग आहे, डब्यांतला कुळथाच्या पिठल्याचा वास यंत्राच्या थंड हवेंत साऱ्या दालनभर फिरे म्हणून वाटलेला संकोच आहे, आणि एक खिडकी आहे. त्यांच्या टेबलापाशीं जी खिडकी होती ती उघडत नसे. समोर समुद्र पसरलेला, भरतीओहोटी डोळ्यांस दिसे. पण वारा नाहीं, गाज नाहीं, खारा वास नाहीं. "मांडवीस समुद्र दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो," ते म्हणतात, "तेथें तो चित्रांतल्यासारखा होता." पहिल्या पावसांत आमच्या काकू, म्हणजे अण्णांच्या मातोश्री, मुंबईस गेल्या असतां एका रविवारीं त्यांनीं त्यांस खालच्या रस्त्यावर उभें करून आपला मजला दाखविला. काकूंनीं मान वर करून मजले मोजावयास घेतले, अकरापर्यंत मोजले आणि म्हटलें, "पुरे. एवढ्या उंचावर पाणी कोण भरतं?"

नववर्षाच्या पहिल्याच दिवशीं, १ जानेवारी १९७८ रोजीं, 'सम्राट अशोक' हें कंपनीचें पहिलें जंबो विमान सांताक्रूझहून उडाल्यावर थोड्याच मिनिटांत समुद्रांत कोसळलें आणि आंतील २१३ जण गेले. दुसऱ्या दिवशीं कचेरींत कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. १९८५ सालीं 'कनिष्क' गेलें, त्यांत ३२९. हे आंकडे अण्णा कागद न पाहतां सांगतात.

१२ मार्च १९९३ विषयीं ते आजवर फारसें बोललेले नव्हते. त्या शुक्रवारीं दुपारीं दीडच्या सुमारास शेअरबाजाराच्या इमारतींत पहिला स्फोट झाला, आणि त्यानंतर तासाभरानें या इमारतीच्या तळाशीं ठेवलेली मोटार फुटली. येथें वीस माणसें मेलीं. वरची बँक ऑफ ओमानची कचेरी उद्ध्वस्त झाली. साऱ्या शहरांत मिळून त्या दिवशीं २५७ जीव गेले. आम्हां मांडवीकरांस संध्याकाळच्या बातम्यांवरून ठिकाणाचें नांव कळलें. मग फोनची वाट पाहणें सुरू झालें. आमच्या घरीं तेव्हां फोन नव्हता. शेजाऱ्यांच्या ओटीवर घरांतलीं सारीं माणसें जाऊन बसलीं. वहिनींनीं देवापुढें समई लावली होती ती तेल घालण्यावांचून विझूं दिली नाहीं. रात्रीं नऊनंतर घंटा वाजली. अण्णा बोलले तें एकच वाक्य: "चालत गिरगांवास आलों, जेवलों नाहीं, ठीक आहें."

यंदा नातीनें वही उघडून त्यांस तो दिवस विचारला, तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें असें. आवाजापेक्षां पायांखालची जमीन आधीं कळली. दिवे गेले. जिन्याकडे सारे निघाले. कोणी ढकललें नाहीं. वळणावळणावर भिंतीस हात लावीत ते उतरले, आणि त्यांस आश्चर्य वाटत होतें तें याचें कीं भिंत जागेवर आहे. बाहेर आल्यावर कांचा तुडवीत समुद्राच्या कट्ट्यापर्यंत गेले, आणि त्या कट्ट्यावर बसून त्यांनीं प्रथमच त्या कचेरीच्या आवारांत समुद्राची गाज ऐकली. ज्यांच्याशीं सकाळीं लिफ्टच्या रांगेंत नमस्कार झाला त्यांपैकीं एक माणूस पुन्हां दिसला नाहीं. त्याचें नांव अण्णांस अखेरपर्यंत ठाऊक नव्हतें. रोज नमस्कार तेवढा होई.

इमारत उभी राहिली. ती दुरुस्त झाली आणि अण्णा आणखी पांच वर्षें तेथें जाऊन निवृत्त झाले. पुढील भाग हिशेबाचा आहे, तो थोडक्यांत उरकतों. कंपनीस कर्ज झालें. २०१३ सालीं तिची मुख्य कचेरी दिल्लीस गेली आणि इथले मजले भाड्यानें देण्यांत आले. २०१८ नंतर विक्रीच्या वाटाघाटी निघाल्या. गिऱ्हाइकांत जवाहरलाल नेहरू बंदर होतें, आयुर्विमा महामंडळ होतें आणि महाराष्ट्र शासन होतें. २७ जानेवारी २०२२ रोजीं विमानकंपनी पुन्हां टाटांच्या हातीं गेली, पण ही इमारत त्या सौद्यांत नव्हती. लेकीबरोबर दागिने न जातां मागें राहावे तशी ती केंद्राच्या एका वेगळ्या कंपनीकडे राहिली. अखेर १६०१ कोटी रुपयांस ती राज्य शासनानें घ्यावी असें २०२३ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें ठरविलें, आणि २०२४ च्या मार्चांत केंद्राची संमति मिळाली. शिवाय आपलें सुमारें २९८ कोटींचें येणें शासनानें सोडलें. जमीन मूळची शासनाचीच, भाडेपट्ट्यानें दिलेली, हें वाचक विसरले नसतील.

शासनास जागा हवी होती हें खरें आहे. १९५५ सालचें मंत्रालय, तेव्हांचें सचिवालय, २१ जून २०१२ रोजीं आगीनें होरपळलें. तेव्हांपासून शासनाचीं खातीं जागोजाग विखुरलीं आहेत, आणि कोकणांतून एका कागदासाठीं गेलेल्या माणसाची पायपीट आम्हीं स्वतः केली आहे. तरीहि १९६५ सालीं त्या तिघांनीं सांगितलेली गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. साठ वर्षांनंतर शासन त्याच टोंकावर आणखी तेवीस मजले घेत आहे. मात्र पाडून नवें बांधण्यापेक्षां उभें आहे तें वापरणें केव्हांहि बरें, हेंहि आम्ही तितक्याच स्पष्टपणें म्हणूं. दिल्लीच्या प्रदर्शनगृहाची गत हिची होणार नाहीं, याचा आम्हांस आनंद आहे.

परंतु समुद्राच्या तोंडावर काँक्रीट वापरीत ठेवणें हें जांभ्याइतकें सोपें नाहीं. जांभा वाऱ्यानें कठीण होतो. काँक्रीटच्या पोटांत लोखंडी सळ्या असतात, आणि वारा त्यांचा शत्रु. ताजें काँक्रीट क्षारधर्मी असतें, त्यामुळें सळईवर एक सूक्ष्म कवच राहतें व ती गंजत नाहीं. वर्षानुवर्षें हवेंतील कर्बवायु आंत मुरतो आणि तो क्षार कमी करतो. खाऱ्या वाऱ्यांतलें मीठ तर तें कवचच फोडतें. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती मिळविण्यासाठीं तो वरचें काँक्रीट आंतून फोडतो, आणि मग खपल्या गळूं लागतात. त्याला उपाय आहेत. पण त्यांसाठीं दर कांहीं वर्षांनीं कोणीतरी शिडी लावून ठोकून पाहिलें पाहिजे.

ही गोष्ट वहींत लिहून झाल्यावर नात उठली आणि विहिरीजवळच्या धुण्याच्या जागेवरील छोट्या स्लॅबखालीं जाऊन उभी राहिली. ती स्लॅब आम्हीं पस्तीस वर्षांपूर्वीं एका मुकादमाकडून घालून घेतली होती. त्यानें खाडीची रेती न धुतां वापरली, हें आम्हीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें आणि स्वस्त पडतें म्हणून गप्प बसलों होतों. मीठ वाऱ्यावर यावयाची वाटच पाहावी लागली नाहीं. तें आम्हींच आंत घातलें. नातीनें नारळ सोलण्याच्या सुळ्यानें वर हलकेंच ठोकलें, आणि तळहाताएवढी खपली तांबड्या भुकटीसह तिच्या पायांशीं पडली. धाकट्या मंडळींपैकीं कोणी कांहीं बोललें नाहीं. थोरले बोलणार होते, पण वहिनींनीं डोळ्यांनीं दटावलें. धुण्याची जागा दुसरीकडे हलविण्यांत आली आहे. पडवीचा वाद तहकूब आहे.

नात दिवाळीनंतर अण्णांना मुंबईस नेणार आहे. कोकण रेल्वेचीं तिकिटें काढून झालीं आहेत. त्यांचें वय आतां पंच्याऐंशीचें आहे, आणि निवृत्तीनंतर ते त्या बाजूस एकदांहि फिरकलेले नाहींत. तिला त्यांचा मजला पाहावयाचा आहे, आणि ती खिडकी. अण्णा तयार आहेत. परवां संध्याकाळीं बंदरावर फिरावयास गेलों असतां मात्र ते मध्येंच थांबले आणि म्हणाले, "आतां तेथें सरकार येणार. आंत जावयास पास लागेल. तो कोठून घ्यावा लागतो, तेवढें विचारून ठेव."